चांगुणा ज्या पिक्चरमध्ये होती

आधीच सांगतो, पिक्चरचं नाव विचारू नका. डायरेक्टर अजून हयात आहे. फार मोठा माणूस आहे. त्याचे पुढचे पिक्चर तुम्ही पाहिले असतील, कौतुकही केलं असेल.

हा त्याचा अगदी सुरुवातीचा. सपशेल पडलेला.

बाकी सगळं घडलं तसं लिहितोय. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रात्रीबित्री नाही, भर दुपारी.

सन १९८३, मार्च महिना. लातूर वेगळा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. मी, देविदास, नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क म्हणून लागलो होतो. कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या.

एके दिवशी माझी मावशी, केवळाबाई, जळकोटकडून एसटीनं एकटीच आली. दारात उभी राहिली.

"देविदास, आपल्या तळ्यावरचं पिक्चर लागलंय म्हनं हितं."

लागलं होतं. त्या डायरेक्टरला नुकतंच दिल्लीत मोठं बक्षीस मिळालं होतं. म्हणून कॉलेजच्या पोरांनी त्याचा जुना पिक्चर मागवला होता. दुपारचा खेळ.

तो पिक्चर बहात्तरच्या दुष्काळात आमच्याच भागात काढलेला. तळ्याचं दुष्काळी काम चालू होतं. मावशी तिथं टोपल्या उचलायची. शूटिंगवाल्यांनी कामावरच्याच माणसांना कॅमेऱ्यापुढं उभं केलं.

पिक्चर आला तेव्हा मावशी हैदराबादला बांधकामावर होती. तिनं तो पाहिलाच नाही. लातुरात तो जेमतेम तीन दिवस टिकला. लोक मधूनच उठून जायचे. पुढं तो ज्या ज्या टॉकीजला लागला तिथं हेच. पनवती पिक्चर म्हणून नाव पडलं त्याचं.

"तुला कशाला बघायचंय मावशे?"

"त्यात चांगुणा हाय."



चांगुणा म्हणजे मावशीची मुलगी. त्याच दुष्काळात गेली. सात-आठ वर्षांची असेल. मावशीच्या घरात फोटो एकच, बाबासाहेबांचा. चांगुणाचा कुठून असणार?

"तोंड इसरून राहिले रे मी तिचं," मावशी म्हणाली. "एकदा दाव मला."

टॉकीजचा ऑपरेटर किशनराव माझ्या ओळखीचा. आम्ही एकाच हॉटेलात चहा प्यायचो. त्यानं मावशीकडं पाहिलं, मला बाजूला घेतलं.

"हिला नका नेऊ आत."

"का?"

"तळ्यावरचा सीन लागला की मानसं उठतेत. मी केबिनमधी असतो, मशीनचा आवाज एवढा मोठा. तरी मला ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

त्यानं विडी विझवली आणि वर निघून गेला.

आम्ही आत गेलो. पत्र्याचं टॉकीज. उन्हानं पत्रे कडकड वाजत होते. पंखे घरघरत होते. पुढं कॉलेजची दहा-बारा पोरं. आम्ही दोघं मागे बसलो.

पिक्चर संथ होता. कुणी फारसं बोलतच नव्हतं. मावशी पदर तोंडावर धरून बघत होती.

मग तळं आलं...

उघडा माळ, मुरमाचे ढीग, बायामाणसांची लांब रांग. सगळी माणसं काम सोडून जागच्या जागी थांबली. दगडासारखी. कुणी पापणी हलवेना. कॅमेरा नुसता बघत राहिला.

रांगेत मावशी होती. दहा वर्षांनी तरुण. डोक्यावर टोपली, तोंड घट्ट मिटलेलं, नजर समोर.

"ती मी," मावशी कुजबुजली. "आन् माज्या मागं..."

मावशीच्या मागं कुणीच नव्हतं.

पण तिचा पदर...

पदराचं टोक मागं ताणलेलं होतं. कुणीतरी मुठीत धरून ओढावं तसं. वारा नव्हता. बाकी सगळ्या बायांचे पदर सरळ खाली पडलेले.

"हितंच उभी व्हती," मावशी म्हणाली. "हितंच व्हती की."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, पंख्यांचा आवाज बंद झालाय.

वर पाहिलं. पंखे फिरत होते.

पत्रे वाजत नव्हते. मशीन ऐकू येत नव्हतं. माझाच श्वास मला ऐकू येईना.

आणि मग...

"माय, आता हालू का?"

आवाज पडद्यातून आला नाही. माझ्या आणि मावशीच्या खुर्चीच्या मधून आला. लहान पोरीचा. घसा कोरडा पडल्यासारखा.

पुढची पोरं उठली. एकमेकांकडं न बघता दाराकडं गेली. मला उठताच येईना.

मावशी घाबरली नाही. ती आवाजाकडं वळली. त्या दोघींचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"हाल बाई. झालं आता. हाल."

मग पुन्हा...

"माय, आता हालू का?"

"हाव म्हनले ना. बस हितं, माज्यापाशी बस."

मावशीनं हात पुढं केला. पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर तो अंधारात चाचपडत राहिला. हाताला काही लागलं नाही.

"माय, आता हालू का?"

सीन संपला. एकदम पंखे घरघरायला लागले.

मावशी धावत केबिनकडं गेली. किशनरावाच्या पाया पडली. तेवढं रीळ पुन्हा लाव म्हणाली. तो आधी नाही म्हणाला. मग त्यानं लावलं. रिकाम्या टॉकीजात, आम्हा दोघांसाठी.

पुन्हा सगळे आवाज गेले. पुन्हा तीच पोर, तेच विचारणं. मावशी ओरडायला लागली. "हाल, हाल" करून तिचा घसा बसला. पण ज्या पोरीला उत्तर पाहिजे होतं, तिच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं.

बाहेर पायरीवर बसून तिनं मला सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदा.

चांगुणाला त्या दिवशी सकाळपासून ताप होता. शूटिंगवाले म्हणाले, जो उभा राहील त्याला सुकडी, कामावर वाटायचं ते पिठाचं खाणं, जास्तीची. मावशीनं तिलाही उभं केलं. दुपारचं ऊन. साहेबाला मनासारखं होईना. परत, परत, परत.

"पोरगी इचारायची, हालू का? मी म्हनायचे, न्हाई, सायब म्हनतील तवा. तशीच उभी ऱ्हायली. मग पडली."

"मग?"

"उदगीरला दवाखाना व्हता. त्यांच्या गाड्या व्हत्या. गाडीत घाला म्हनलं, तर म्हनले, गाडीत सामान हाय."

संध्याकाळी बाभळीखाली चांगुणा गेली. गाड्या त्याच्या आधीच निघून गेल्या होत्या.

"तोंड दिसलं न्हाई रे," मावशी म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी रिळं परत गेली. नंतर लातुरात तो पिक्चर कधी लागला नाही. मावशी दर खेपेला विचारायची, लागलंय का. पुढं पुढं विचारायचीही थांबली. शेवटी शेवटी ती कुणाशी बोलतच नव्हती. भूकंप झाला त्या वर्षी गेली, पण भूकंपानं नाही. अंथरुणात.

हे सगळं मी मनात ठेवून दिलं होतं.

गेल्या वर्षी जावई पुण्याहून आले. त्यांना जुन्या पिक्चरचा नाद. त्या डायरेक्टरचा तोच जुना पिक्चर तिकडं नव्यानं साफ करून दाखवला म्हणाले. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. तेव्हा कुणाला कळलाच नाही, असं आता सगळे म्हणतात.

"त्यातला तळ्यावरचा सीन तर भयंकर आहे, मामा," ते म्हणाले. "सगळी माणसं दगडासारखी उभी. फक्त टोपलीवाली एक बाई सारखी मागं वळून काहीतरी बोलते. आवाज नाही. नंतर लोकांनी डायरेक्टरला विचारलं, ती काय म्हणते? तो तिथून उठून गेला."



मी तो सीन दोनदा पाहिलाय. त्यात मावशीचं तोंड मिटलेलं होतं. नजर समोर होती.

जावयांना मी काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ती बाई मागं वळून बोलते, तर मागं कुणी दिसतं का?

ते आठवून म्हणाले, "नाही. बाई एकटीच आहे."