एका पुठ्ठ्यावर दोघं

निल्स पहिल्यांदा आमच्या रांगेत आला तेव्हा त्याचे बूट चांगले होते, पण बुटांखाली पुठ्ठा नव्हता. नोव्हेंबरमध्ये आमच्या स्टेडियमच्या काँक्रीटवर नुसत्या बुटांनी उभं राहणं म्हणजे बर्फाच्या लादीवर उभं राहणं. आम्ही सगळे घरून खोक्याचा पुठ्ठा आणतो, पायाखाली घालतो आणि मग मॅच संपेपर्यंत टीमला नावं ठेवायला मोकळे होतो. हा मात्र एकदा डावा पाय उचलत होता, एकदा उजवा... आणि तरी हसत होता.

"नवे दिसताय," मी म्हटलं.

"आजोबांची जागा आहे. त्यांचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत."

"मग पुठ्ठ्याचं काही बोलले नाहीत आजोबा?"

"नाही. शेजारीण चांगली आहे, एवढंच बोलले."

मी माझा पुठ्ठा मधोमध फाडला आणि अर्धा त्याच्या पायाखाली सरकवला. पलीकडे बसलेल्या डॉटआत्याने ते पाहिलं. आत्याच्या नजरेतून सुटेल असं आमच्या गावात काही घडत नाही.

आता टीमबद्दल. आमच्या गावच्या ऑटर्सवर माझा जीव आहे, म्हणूनच त्या वर्षी त्यांनी माझा जीव खाल्ला. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे न्यायचे दोन रस्ते. एक तर तो छातीशी धरून समोरच्या माणसांच्या ढिगात घुसायचं, नाहीतर लांब फेकायचा आणि आपल्या माणसाने तो पळत जाऊन झेलायचा. पहिल्यात आमची पोरं वाघ होती. दुसऱ्यात... काय सांगू. आमचा केलर चेंडू फेकायचा तो झेलणाऱ्याच्या पायाशी, नाहीतर थेट मैदानाकडेला बसलेल्या बॅण्डवाल्यांच्या अंगावर. आणि मला वेड होतं ते नेमकं त्या लांब फेकीचंच. लहानपणी बाबा अंगणातून चेंडू फेकायचे, तो गिरक्या घेत वर जायचा, आणि खाली येईपर्यंत जगात दुसरं काही नसायचं. तो एक क्षण बघायला मी थंडीवाऱ्यात येत होते, आणि केलर काही तो मला दाखवत नव्हता.

चेंडू पडला की मी डोकं धरायची. निल्स म्हणायचा, "जवळ आला होता."

"तुम्हाला राग कसा येत नाही?"

"मी शाळेत ट्रॉम्बोन शिकवतो. सातवीची पोरं वाजवतात ते ऐकलंय कधी? त्यानंतर माणसाला सगळंच जवळ आल्यासारखं वाटतं."

मी हसले आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडले. टीम हरत होती ना.

एका मॅचला मी तळलेलं चीज आणायला खाली गेले, आणि वर एकच गर्जना झाली. धावत आले तोवर सगळं संपलं होतं. केलरची लांब फेक, पूर्ण झेल, आणि मी तेवढीच पाहिली नव्हती. पुढच्या मॅचला बाथरूमला गेले, तर पुन्हा तेच. झालं. आमच्या गावात लोक रविवारी चर्चला जातात, पण खरी श्रद्धा शनिवारी स्टेडियमवर दिसते. जिंकलेल्या दिवशीचे मोजे इथे कोणी धूत नाही. रांगेने निकाल देऊन टाकला की ट्रुडी वर असली की फेक पडते, खाली गेली की झेलली जाते.

तेव्हापासून फेकीची वेळ आली की आत्या गोड आवाजात म्हणायची, "ट्रुडी बाळा, तुला गरम चॉकलेट हवंय." मला हवं आहे की नाही, हे ती विचारत नव्हती.

पहिल्या वेळी निल्स बरोबर आला, त्यालाही चॉकलेट हवं होतं म्हणे. दुसऱ्या वेळी त्याचे हात गारठले होते. तिसऱ्या वेळी त्याने कारणच दिलं नाही, आणि मी विचारलं नाही. स्टँडखाली खांबाला टेकून आम्ही उभे राहायचो. समोर भिंत, कांद्याचा आणि भाजलेल्या सॉसेजचा वास, आणि डोक्यावर सगळं गाव.

"डोळे मीट," एकदा तो म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं होतं, दोघांनाही कळलं नव्हतं. "ऐक... आता सगळे गप्प झाले. चेंडू हातातून सुटलाय. तो वर आहे तोवर कोणी श्वास घेत नाही."

मी ऐकलं. खरंच, वरचं सगळं गाव श्वास धरून होतं. मग गर्जना कोसळली. मी डोळे उघडले तर त्याचे उघडेच होते. तो माझ्याकडेच बघत होता... आणि बघताना सापडला म्हणून कानापर्यंत लाल झाला. इतक्या सरळ मनाचा माणूस मी आमच्या गावात पाहिला नव्हता. हरणाऱ्या टीमचं कौतुक करणारा, आणि माझ्यासारख्या चिडक्या मुलीबरोबर भिंत बघत उभा राहणारा.

शेवटची मॅच आली. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर वर्ष संपलं. हिमवर्षाव चालू होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही थोडेसेच मागे होतो, आणि आता फेकण्यावाचून इलाज नव्हता. सगळी रांग माझ्याकडे वळली. मी मुकाट्याने हातमोजे घातले.

"नको जाऊस," निल्स म्हणाला.

"वेडा आहेस का? पडली तर हे लोक मला गावात राहू देणार नाहीत."

"वर्षभर ज्याची वाट बघितलीस, ते बघ. पडू दे पडली तर." मग हळूच... "मला तुला ते बघताना बघायचंय."

माझे पाय जिन्याकडे वळलेले होते. एका बाजूला अख्खं गाव आणि एका बाजूला हा. मी पाय वळवले आणि उभी राहिले. आत्याने डोळे मिटून घेतले.

केलरने चेंडू सोडला. पडणाऱ्या बर्फातून तो गिरक्या घेत वर चढला, अगदी बाबांच्या अंगणातल्यासारखा, आणि नेमका जिथे यायला हवा तिथे खाली आला. त्या वर्षात त्याने फेकलेली ती सर्वांत सुंदर फेक होती. मी श्वास धरून होते... आणि चेंडू झेलणाऱ्याच्या गारठलेल्या बोटांतून निसटला.

स्टेडियम गप्प झालं. मग आमची रांग सावकाश माझ्याकडे वळली.

"मी थांबवलं तिला," निल्स मोठ्याने म्हणाला. पुढच्या रांगांनाही ऐकू गेलं असणार. "ती निघाली होती. दोष माझा आहे."

ज्या गावात लोक मोजेसुद्धा धूत नाहीत, तिथे हे बोलायला छाती लागते. डॉटआत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ट्रुडी," ती म्हणाली, "याला आता तूच सांभाळ. या गावात याला कोणी पावसुद्धा विकणार नाही."

लोक हळूहळू निघून गेले. मला रडू यायला हवं होतं, पण येत नव्हतं.

"जवळ आला होता," निल्स म्हणाला.

"खूप जवळ," मी म्हटलं आणि खाली पाहिलं. त्याचा अर्धा पुठ्ठा मागे घसरून बर्फात भिजला होता. कधीपासून कोण जाणे, आम्ही दोघं माझ्याच अर्ध्यावर उभे होतो, बुटाला बूट लावून.

"पुढच्या वर्षी अख्खा आणीन," मी म्हटलं. "फाडणार नाही."

त्याने माझा गारठलेला हात आपल्या खिशात घेतला, आणि आम्ही तसेच उभे राहिलो.