थर्टलचं शिलिंग

राजे खोटं बोलतात, इतिहासकार त्याहून सफाईने बोलतात. चांदी मात्र कधीच खोटं बोलत नाही. नॉरिचच्या आमच्या नाणेमंडळात मी हे वाक्य फेकलं तेव्हा समोर सहा श्रोते होते. त्यांतले दोघे नृत्यवर्गाचे, खोली चुकून आलेले.

ऑब्री थर्टल टाळी न वाजवता उठला आणि त्याने एक शिलिंग माझ्यापुढे सरकवलं. विल्यम राजाचं, यंत्रावर पाडलेलं, सोळाशे शहाण्णवचं. राजाच्या गळ्याखाली आमच्याच गावच्या टाकसाळीचं अक्षर.

"प्रत सांग. किती झिजलंय?"

बोटांचे डाग पडू नयेत म्हणून मी ते कडेने धरलं आणि भिंग लावलं. नाण्यावर जे उंच, ते आधी झिजतं. भुवई पुसलेली, कानावरच्या बटा एकमेकींत विरघळलेल्या. सपाट गालावर एक तिरका ओरखडा.

"साधारण," मी म्हणालो.

"चष्मा बदल, म्हाताऱ्या."

पुढच्या बैठकीला तेच शिलिंग पुन्हा आलं. ओरखड्यावरून ओळखलं. पण कानावरची प्रत्येक बट आता वेगळी दिसत होती.

"घासलंस?" आमच्यात हा प्रश्न थेट चारित्र्यावर जातो.

"घासून केस उगवत असते," थर्टलने टोपी काढून टक्कल दाखवलं, "तर आधी हे नसतं घासलं?"

मी पोटभर हसलो. त्या टकलाखाली भुवया नव्हत्या, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या बायकोचा, एनिडचा, फोन आला. ही बाई एरवी मला टोमणा मारल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही.

"लेखकमहाशय, या आणि ते नाणं घेऊन जा. तो माझं ऐकत नाही."

"झालं काय?"

"काल बेकरीच्या रांगेत माझ्या शेजारी एक माणूस उभा होता. मी त्याला म्हटलं, माफ करा, आपण आधी आलात का? तो ऑब्री होता."

दुपारी गेलो. थर्टल माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसला होता. टेबलावर, निळ्या मखमलीवर, शिलिंग. पापणीची कड, नाकपुडीचा बाक, गालाची गोलाई. जणू आत्ताच साच्यातून पडलेलं. फक्त डोक्यावरच्या पानांच्या मुकुटात एक पान बोथट होतं.

"ऑब्री, हे मी नेतोय. एनिड घाबरलीय."

"तेवढं एक पान होऊ दे. असं नॉरिच शिलिंग गावात कुणाकडे नाही."

"आणि तुझं काय?"

"मला कोण गोळा करतंय?"

तो वळला.

खिडकीतलं ऊन त्याच्या चेहऱ्यावरून सरळ पलीकडे गेलं. कुठेच सावली पडली नाही.

नाकाच्या जागी थोडा उंचवटा होता. आणि गालावर एक तिरका ओरखडा.

मी शिलिंगाकडे पाहिलं. तिथला गाल स्वच्छ होता.

स्वयंपाकघरातून एनिडने विचारलं, "दिलं का त्याने?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्या शेवटच्या पानावर एक बारीक शीर उमटली.

माझा हात आपोआप थर्टलच्या गालाकडे गेला. तो खुर्चीसकट मागे सरकला.

"बोटं नकोस लावू," तो अजिजीने म्हणाला. "कडेने धर."