अर्धी वेणी

माझ्या धाकट्या जावेनं कुठलंही काम कधी तडीस नेलं नाही. स्वेटर विणला तर बाही एकच. भिंत रंगवली तर हात पोचेल तिथपर्यंत. आणि गेली तीही तशीच, अंगणातल्या कुंडीत विलोची तीन रोपटी लावून, त्यांची वेणी अर्ध्यावर टाकून.

शोभेचं झुडूप ते. खोडं कोवळी आहेत तोवर तिन्ही एकमेकांत गुंफत जायची, की पुढं बुंधाच वेणीचा होतो. वर पांढरी-गुलाबी पानं फुटतात. दिसायला नाजूक, पण पाण्याला अधाशी. एक दिवस विसरलं की पानं करपलीच.

मी पाणी घालायची, बुंध्यावरचे फुटवे खुडायची. वेणीला हात लावला नाही. तिचं अर्धवट काम मी का निस्तरू? शिवाय माझा उजवा खांदा धरलेला. माझी वेणीसुद्धा रोज संध्याकाळी तीच घालायची. ती खुर्चीत, मी पुढ्यात बुटक्या स्टुलावर.

"अगं, किती ओढतेस! डोळे कपाळात गेले माझे."

"जाऊबाई, तेवढाच तोरा उतरेल."

ती गेल्यापासून केसांचा नुसता गोळा करून बांधते.

थंडी सरताना एका सकाळी झुडपाच्या वेणीला एक वेढा जास्त दिसला. म्हटलं, नजर फसली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. जाऊ डावखुरी, तिची गुंफण उलटी पडायची. हीही उलटीच होती.

लेक आला तेव्हा त्याला दाखवलं.

"आई, वाढता वाढता आपोआप गुंततं गं."

"आपोआप गुंता होतो. वेणी होत नाही."

त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "एकटी राहू नकोस आता. रविवारी गाडी आणतो. घराला कुलूप लावू."

"आणि झाड?"

"देऊ कुणालातरी."

मी हो म्हटलं. भांडायलाही समोर बरोबरीचं कुणीतरी लागतं.

शनिवारी वेणी शेंड्यापर्यंत पोचली होती. टोकाला लोकरीची गाठ. मी कपाट उघडलं. स्वेटरची ती एकुलती बाही कोपरापर्यंत उसवलेली होती.

रात्री दाराला आतून कडी घातली.

रविवारी जाग आली ती मान अवघडल्यामुळे. उशीवर ओली माती होती.

डावा हात मागं नेला.

केस घट्ट ओढलेले. एक वेढा, दुसरा, तिसरा. उलटे. मानेपाशी थांबलेले. पुढं सगळे मोकळे.

कडी होती तशीच होती. बाहेर लेकाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मी उठले. स्टूल खुर्चीपुढं ओढलं आणि रिकाम्या खुर्चीकडं पाठ करून ताठ बसले.

"इथंही अर्धीच टाकलीस ना? जन्मभर तुझं हेच. आता पुरी कर. तोवर मी कुठं जात नाही."