निरोप्याचं पाणी

लोट्यात डोकावून पाहिल्याशिवाय मी पाणी पीत नाही म्हणून तुम्ही मघापासून खिदळताय. खिदळा, वय आहे तुमचं. माझा साडू जगदेवही असाच हसरा होता. चेष्टेशिवाय त्याच्या तोंडून वाक्य निघत नसे. त्याच्याबरोबर जे झालं ते सांगतो. ऐकून झालं की मग हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तेव्हा फोन नव्हते. कोणी गेलं की परगावच्या नातेवाइकांना सांगायला माणूस जायचा. आमच्या किन्हीराजा गावात हे काम जगदेवकडे यायचं, कारण तो चालायला घोड्यासारखा. या कामाची एक रीत होती. मयताचा निरोप घेऊन गेलेल्या माणसानं निरोप सांगेपर्यंत त्या घरात बसायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पाणी प्यायला तर मरण त्याच्या मागोमाग त्याच्याच घरी येतं म्हणत.

आता ज्यांची गोष्ट आहे ते दोघं. इंद्रभानजी, ज्यांना सगळे आबाजी म्हणत, आणि प्रयागबाई. लग्नाला बावन्न वर्षं झालेली. मुलं दोन, आणि दोघंही एकाच मापाचे नालायक. वाटणी झाली तेव्हा म्हातारा थोरल्याकडे किन्हीराजाला राहिला, म्हातारी धाकट्याकडे शेलूबाजारला गेली. बैलजोडी मात्र फोडली नाही. जोडी फोडली तर बैल धड चालत नाहीत, असं थोरला म्हणाला. मी तिथंच बसलो होतो.

प्रयागबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. तिला औषध नको होतं, नातवंडं नको होती. तिला एकच हवं होतं, कपाळावर कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या असताना नवऱ्याच्या आधी जायचं. जो भेटेल त्याला हेच सांगायची.

आणि म्हातारा आधी गेला. सन सत्तावन, पौष वद्य अष्टमी, दिवेलागणीची वेळ. त्याच्या नाकात कापसाचे बोळे घातले ते जगदेवनंच. सकाळी अग्नी द्यायचं ठरलं. थोरल्यानं जगदेवला सांगितलं की रातोरात शेलूबाजार गाठ आणि घरात कळव. जगदेव भाकर बांधून निघाला.

चंद्र बारानंतर उगवला. थंडी मरणाची. दोनच्या सुमारास वाटेत ओढ्यावरची एक मोरी लागली, आणि मोरीच्या कठड्यावर कोणीतरी बसलेलं होतं. डोक्यावरून धोतर घेतलेलं. जगदेवला वाटलं कोणी वाटसरू असेल. तो पुढे निघून गेला.

"जगदेव, थांब."

आवाज नाकात कोंडलेला, सर्दी झालेल्या माणसासारखा. जगदेव थांबला. मागे वळला नाही.

"तिले सांगू नको. चारच दिवस हायेत तिचे. बांगड्या घालून जाऊ दे तिले."

जगदेवनं भाकरीचं गाठोडं छातीशी धरलं.

"ती पानी देईन. पेजो. नाही पेला तं तिले समजते."

"पेतो, आबाजी," जगदेव म्हणाला.

मागे न पाहता तो चालू लागला.

उजाडताना तो पोचला. धाकटा शेतात गेलेला. प्रयागबाई ओसरीत खाटेवर होती. जगदेवनं मनाशी ठरवलं होतं, धाकट्याला बाजूला घेऊन सांगायचं, म्हातारीला कळू द्यायचं नाही. बैल पाहायला आलोय अशी थाप त्यानं मारली. ते भाकर खातात का, असं तिनं विचारलं. नवऱ्याचं नाव ती कशाला घेईल? जगदेव म्हणाला, खातात. म्हातारी हसली आणि सुनेला म्हणाली, पाहुण्याला पाणी दे.

सुनेनं लोटा आणला.

जगदेवनं तो हातात घेतला, ओठापर्यंत नेला. रात्रभर चाललेला माणूस तो, घसा कोरडा पडलेला. पण घरी त्याचं दीड वर्षाचं पोर होतं... त्यानं लोटा खाली ठेवला आणि तहान नाही म्हणाला.

प्रयागबाईनं त्याचे धुळीनं भरलेले पाय पाहिले. फुटलेले ओठ पाहिले. मग लोट्याकडे पाहिलं.

"कवा गेले?"

"काल... दिवेलागनीले."

ती रडली नाही. दोन्ही हात पुढे केले फक्त. सून घाबरली, पण शेजारच्या बाया आल्या. त्यांना कोणाला दया आली नाही, मी कोणाची बाजू घेत नाही. अंगात ताप असलेल्या बाईचे हात त्यांनी जात्यावर आपटले. मनगट कापलं. हिरवी काच ओसरीभर झाली, आणि एक तुकडा उडून त्या लोट्यात पडला. जगदेवनं तो आवाज ऐकला.

चौथ्या दिवशी ती गेली. उघड्या कपाळानं, पांढऱ्या लुगड्यात. नीट चार दिवस.

निरोप सांगून जगदेव त्याच दिवशी परतला तेव्हा मोरीपाशी अंधार पडला होता. कठड्यावर कोणी नव्हतं. तो पुढे गेला. दहा पावलं. वीस...

"पेला काय?"

जगदेव पळत सुटला.

घरी बायकोनं पाणी दिलं. त्यानं लोटा तोंडाला लावला आणि फेकून दिला. काच हाये, म्हणाला. आम्ही पाहिलं, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. मग तो धोतराच्या पदरातून गाळून घोट घोट पाणी पिऊ लागला, आणि दर घोटाआधी मान हलवायचा. कोणीतरी काही विचारतंय आणि हा नाही म्हणतोय, असं. चेष्टा संपली. अंग वाळत गेलं. मला फार राग यायचा त्याचा. वेड्यासारखं काय करतोस म्हणून मी त्याला एकदा मारलंसुद्धा. आज त्याचं वाईट वाटतं.

सन एकोणसाठच्या वैशाखात तो शेवटच्या घटकेला आला. पोर लहान, म्हणून तोंडात पाणी मी घालायचं ठरलं. लोटा मी स्वतः राखेनं घासला. पाणी फडक्यातून दोनदा गाळलं. वर तुळशीचं पान ठेवलं. त्याच्या ओठांना चमचा लावला.

त्यानं दात आवळले. डोळे माझ्या खांद्याच्या मागे, दाराकडे. मान हलली... नाही.

तसाच गेला. तहानलेला.

उरलेलं पाणी मी अंगणात ओतलं. शेवटी काहीतरी वाजलं. वाकून पाहिलं तर बांगडीचा तुकडा होता, हिरवा.

मी आत पळालो आणि मेहुणीचे हात पाहिले. तिच्या बांगड्या अजून शाबूत होत्या. त्या लाल होत्या.