चंद्रावरच्या पोळ्या अडल्या कुठे?

एक कोडं सोडवा बघू. एका स्वयंपाकघरात पाच बायका पुरणपोळ्या लाटतात. त्यांच्या मदतीला एक रोबो येतो. तो एकटा तिघींचं काम करतो, दमत नाही, चहा मागत नाही. मग संध्याकाळपर्यंत पोळ्या वाढायला हव्यात की नाही? आमच्याकडे कमी झाल्या! रोज साडेतीनशे व्हायच्या, त्या दोनशेवर आल्या. आणि या सगळ्या घोळाचं कारण म्हणजे माझी सख्खी बहीण मृदुलाताई आणि तिचा तो फायनल इयरचा प्रोजेक्ट.

ताई औद्योगिक अभियांत्रिकी शिकते (एखादं काम कमी कष्टात, कमी वेळात आणि काहीही वाया न घालवता कसं होईल हे शोधणारं शास्त्र). हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसायची पदवी." तिने मला उशी फेकून मारली होती. शेवटच्या वर्षी या मुलांना खऱ्याखुऱ्या ठिकाणी जाऊन खरीखुरी अडचण सोडवावी लागते. गणिताच्या पुस्तकात निदान प्रश्न तरी छापलेला असतो. इथे प्रश्न काय आहे तोच आधी शोधायचा. ताईच्या मैत्रिणी कुठे ड्रोनच्या कारखान्यात गेल्या, कुठे दवाखान्यात गेल्या. ही बाई गेली कुठे? आमच्याच आईच्या पोळीघरात!

आमचं पोळीघर सिन्नरला आहे. चंद्रावरच्या तळावर हल्ली बरीच माणसं राहतात आणि त्यांना सणासुदीला पुरणपोळी हवी असते. पण ओली पोळी यानातून पाठवणं परवडत नाही. तिच्यातल्या पाण्याचं उगाच वजन होतं आणि वाटेत ती खराबही होते. म्हणून शीतशुष्कन करतात (पदार्थ आधी गोठवायचा, मग त्यातल्या बर्फाची थेट वाफ करून ती काढून टाकायची). वरती गेल्यावर वाफ दिली की पोळी पुन्हा मऊ. आईने त्यासाठी एक मोठं सुकवणी यंत्र घेतलं होतं.

चंद्रतळाच्या लोकांनी एक अट घातली होती. शनिवार संध्याकाळपर्यंत दोन हजार चांगल्या पोळ्या दाखवा, तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर ते दुसरीकडे जाणार. आणि हे काम गेलं असतं तर पोळीघर बंदच करावं लागलं असतं, हे आईने आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं.

अशा आठवड्यात ताईने कॉलेजातून रोबो आणला. त्याचं नाव लगबग. त्याला रिकामं बसताच येत नाही. "मी रिकामा आहे. मला काम द्या," असं तो इतक्यांदा म्हणतो की त्याच्या तोंडात पोळी कोंबावीशी वाटते. सोमवारी त्याने कणीक संपल्यावर माझं खोडरबर लाटलं.

मंगळवारी संध्याकाळी पोळीघरात नुसता वैताग होता. तपासणी यंत्राने बाद केलेल्या पोळ्यांचा ढीग पडला होता. तव्यावरून उतरलेली पोळी तासाभरात सुकवणी यंत्रात गेली पाहिजे. नाहीतर पुरणातला ओलावा वरच्या पापुद्र्यात उतरतो आणि पोळी चिकट होते. या सगळ्या तशाच झाल्या होत्या.

"दोन दिवसांत चारशे! चारशे पोळ्या मी एकटीने केल्या असत्या," आई कडाडली. "काय गं मृदुला, हाच का तुझा प्रोजेक्ट?"

"अगं आई, लाटण्याचा वेग वाढलाय. तासाला पन्नास लाटल्या जायच्या, आता ऐंशी होतात."

"मग त्या ऐंशी गेल्या कुठे? चंद्रावर चालत गेल्या?"

पोळ्या लाटणाऱ्या यमुनाकाकू आणि भाजणाऱ्या शबानामावशी एकमेकींकडे बघत भांडी घासत राहिल्या. ताईचा चेहरा रडवेला झाला. तिने आपल्या गाईड सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "माणसांकडे नको बघूस. एका पोळीच्या मागे जा."

बस्स! फोन ठेवला. याला काय मार्गदर्शन म्हणतात? माझं तर डोकंच फिरलं. आणि पोळीच्या मागे जायला ताईने कोणाला निवडलं असेल? मलाच!

"चैतू, तुला उद्या सुट्टी आहे ना?"

"सुट्टी झोपायला असते, ताई."

बुधवारी सकाळी मी एका पोळीच्या ट्रेला लाल दोरा बांधला आणि तिच्यामागे निघाले. यमुनाकाकूंनी ती लाटली. शबानामावशींनी भाजली. दहा मिनिटांच्या आत पोळी तयार. मग ती ट्रेमध्ये जाऊन बसली सुकवणी यंत्रासमोरच्या मांडणीवर. तिथे तिच्याआधी कितीतरी ट्रे होते. मी उभी. पोळीही उभी. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. पोळी तशीच. मागून लगबग ट्रेवर ट्रे आणून ठेवतोय, "मी रिकामा आहे" म्हणतोय, पुन्हा लाटायला पळतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. अर्धा तास, पाऊण तास, तास झाला. सव्वा तासाने माझी पोळी आत गेली आणि नंतर बाद होऊन बाहेर आली.

"किती वेळ काम झालं तिच्यावर?" ताईने विचारलं.

"दहा मिनिटंसुद्धा नाही! बाकी सगळा वेळ नुसती वाट बघितली गं बाईने. आणि तिच्याबरोबर मी!"

ताईने मला ओढत सुकवणी यंत्रासमोर नेलं. "हे यंत्र तासाला किती पोळ्या घेतं?"

"पन्नास. वर लिहिलंय की."

"आणि आपण लाटतो किती?"

"ऐंशी."

"मग तासाभरात किती उरल्या?"

"तीस," मी म्हटलं. एवढं तर मला येतं.

"दुसऱ्या तासाला?"

"आणखी तीस. साठ झाल्या." आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साठ पोळ्या पुढे उभ्या असतील आणि तासाला पन्नासच आत जात असतील, तर नव्या पोळीला तासापेक्षा जास्त थांबावं लागणार. म्हणजे ती चिकट होणारच! आपण जितक्या जोरात लाटू तितकी रांग लांब, तितक्या पोळ्या बाद.

"बाटली उपडी केली की पाणी कशाच्या मापाने बाहेर येतं?" ताई म्हणाली. "बाटलीच्या पोटाच्या की मानेच्या?"

"मानेच्या."

"याला बॉटलनेक म्हणतात (सगळ्यात सावकाश चालणारा टप्पा, अख्खं काम त्याच्याच वेगाने पुढे सरकतं). मी बाटलीचं पोट मोठं करत बसले गं! लाटणाऱ्यांचे हात दुखतात म्हणून मला वाटलं, काम तिथेच अडतंय." तिने कपाळावर हात मारला. मला तिची दया आली, पण मी तसं दाखवलं नाही.

संध्याकाळी तिने आईला सगळं समजावलं. आईने कमरेवर हात ठेवून ऐकलं. "मग आता काय करू म्हणतेस?"

"रिकामा ट्रे परत आल्याशिवाय नवी पोळी लाटायची नाही. यंत्राने ट्रे रिकामा केला म्हणजे त्याने पोळ्या मागितल्या. मागितल्या तेवढ्याच करायच्या. याला ओढ पद्धत म्हणतात (पुढच्याने मागितलं तरच मागच्याने करायचं, उगाच पुढे ढकलायचं नाही)."

"आणि ट्रे नसेल तेव्हा बायकांनी काय करायचं?"

"बसायचं."

आता तुम्हाला आमच्या आईचं पोळीघर माहीत नाही. तिथे कोणी रिकाम्या हाताने बसत नाही. पोळ्या नसल्या तर वेलची सोलायची, वेलची नसली तर डबे पुसायचे, डबे चकचकीत असले तर पुन्हा पोळ्या लाटायच्या. दुसरी राबत असताना आपण बसणं म्हणजे मोठी लाज. लगबगला कंपनीने असं बनवलं असेल, पण या पाचजणींना कोणी बनवलं देव जाणे.

"बसायचं?" आईचा आवाज चढला. "सहाशे पोळ्या झाल्यात, चौदाशे राहिल्यात, आणि मी बायकांना सांगू की बसा?"

"आई, तुझ्या बायका आळशी आहेत असं मी म्हणत नाहीये. त्या बसल्या तरच पोळ्या वाचतील."

"आणि तरी पुऱ्या नाही पडल्या तर?"

ताईने कागद पुढे ओढला आणि तिचा चेहरा उतरला. यंत्र तासाला पन्नास. आठ तासांच्या चारशे. उरलेल्या तीन दिवसांच्या बाराशे. दोनशे कमीच पडत होत्या. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

"जेवणाच्या सुट्टीत यंत्र का बंद असतं?" मी वैतागून विचारलं.

"आपण जेवतो म्हणून," आई म्हणाली.

"ते जेवतं का?"

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता उशी येणार. "आई! सकाळी धुण्यात त्याचा आणखी एक तास जातो ना? ते आदल्या संध्याकाळीच धुवायचं. आणि दुपारी ट्रे भरायला लगबग आहे. आठाचे दहा तास झाले! बाकी कोणीही थांबलं तरी चालेल, पण हे यंत्र थांबायला नको. त्याचा वाया गेलेला तास म्हणजे सगळ्यांचा वाया गेलेला तास."

आईने यंत्राकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "चुकलीस तर बघ."

गुरुवारी काय तमाशा झाला म्हणून सांगू! ट्रे संपले. आई म्हणाली, "बसा." कोणी बसेना. यमुनाकाकू गुपचूप पोळपाट पुढे ओढायला लागल्या. शबानामावशी आईला म्हणाल्या, "निर्मलाताई, आमचं काही चुकलं का?" लगबग तर केविलवाणा ओरडत होता, "मी रिकामा आहे! मी रिकामा आहे!" ताईने त्याची आज्ञावली बदलली (रोबोने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना) तेव्हा कुठे त्याचं तोंड बंद झालं. पण बायकांची आज्ञावली कोण बदलणार? आई स्वतःच दर पाच मिनिटांनी उठत होती आणि ताई तिला खाली बसवत होती.

"माझा जीव टांगणीला लागलाय आणि ही मला बसवतेय," आई म्हणाली.

संध्याकाळी तपासणी यंत्राने चारशे ऐंशी पोळ्या पास केल्या. आम्ही पुन्हा मोजल्या, कारण आईचा विश्वासच बसेना. शुक्रवारी चारशे नव्वद झाल्या. एकीचाही हात दुखत नव्हता, हे यमुनाकाकूंनी स्वतःहून सांगितलं, जरा अपराध्यासारखंच. शनिवारी ताईने सकाळपासून काही खाल्लं नाही. दोन हजारावी पोळी पास झाली तेव्हा दिवे लागायचे होते आणि ताई गॅसच्या टाकीवर बसून हुंदके देत होती.

चंद्रतळाच्या बाई पडद्यावर आल्या. पोळ्या त्यांना पसंत होत्या. वर्षभराचं काम आमचं झालं. मग त्या उत्साहाने म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मंगळावरही तळ होतोय. तिकडे थालीपिठं हवीत. तुमच्या बायका दिवसाला किती थापू शकतील?"

ताईने तोंड उघडलं. आईने तिला हाताने थांबवलं.

"आमच्या बायका किती थापतील ते सोडा हो," आई म्हणाली. "आधी तुमचं यान एका खेपेला किती नेतं ते सांगा. तेवढीच थापू."

फोन संपला. चहा झाला. सगळ्यांनी कप घेतले आणि आई ओट्याला टेकून जमिनीवर बसली, पाय लांब करून, भर उजेडात, बाकीच्या उभ्या असताना. मी जन्मात तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. यमुनाकाकू हळूच तिच्या शेजारी बसल्या.