झोप तू

रात्रीच निघायचं म्हणताय. दोघं आळीपाळीनं गाडी चालवू म्हणताय. चालवा, माझी ना नाही. पण जेवण जिरेपर्यंत बसा जरा. माझ्या ओळखीतल्या एका माणसावर गुदरलेला प्रसंग सांगतो. सोळा जानेवारी, गुरुवारची रात्र.

हा माणूस अंड्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. सहा फुटांच्या वर दोन बोटं, म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. जोडीला मास्तर. शाळेतले नव्हेत, उंटाला गाडी त्यांनी शिकवली म्हणून मास्तर. संध्याकाळी पोल्ट्रीवर माल भरायचा आणि पहाटे पाचच्या आत शहरातल्या गोदामात पोचवायचा. अर्धा रस्ता एकानं चालवायचा, तोवर दुसऱ्यानं सीटमागच्या बाकड्यावर झोपायचं. निम्म्या वाटेवर पेट्रोल पंप होता. तिथं चालवणाऱ्यानं बाकड्याच्या फळीवर दोनदा ठोकायचं, झोपलेल्यानं उठायचं. सात वर्षं हा नेम चुकला नव्हता.

केबिनमध्ये मधोमध एक आरसा होता. मागं पत्र्याची भिंत, त्यात दिसणार काय कपाळ? मास्तरांना भांग पाडायला उपयोगी पडायचा, तेवढंच.

त्या रात्री दहा पंचवीसला निघाले. उंट मागं आडवा झाला.

"घोरू नकोस रे," मास्तर म्हणाले. "अंडी उबतात."

"उबली तर पिल्लं तुमच्या नावावर."

पंपावर गाडी थांबली तेव्हा एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. टक टक. उंटाला जाग आली. पण थंडी मी म्हणत होती आणि पांघरूण छान ऊब धरून होतं. तो हलला नाही. पुन्हा टक टक. मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ऊठ रे. छातीत जळजळतंय जरा."

उंटानं श्वास जड केला. पंपाचा दिवा आत येत होता. एक डोळा किलकिला करून त्यानं पाहिलं. मास्तर पाठमोरे बसलेले. थोड्या वेळानं ते फोनवर कुणाशी तरी कुजबुजले, शब्द काही कळले नाहीत. मग गाडी सुरू झाली.

अर्धा तासच, उंट मनाशी म्हणाला. मग उठतोच.

त्याला खरोखरच झोप लागली.

जाग आली तेव्हा मोबाइलमध्ये तीन वीस. मन खाऊ लागलं.

"मास्तर, घेऊ का आता?"

गाडी संथ चाललेली. खड्डा नाही. हादरा नाही. पाण्यावरून जावी तशी...

मग पुढून आवाज आला. "झोप तू."

आवाज मास्तरांचाच. रागावलेला नव्हता. पण त्यात काही... उरलंच नव्हतं. उंटानं पांघरूण डोक्यावर घेतलं.

पुढची जाग शांततेनं आली. इंजिन बंद. चार पन्नास. समोर गोदामाचं फाटक, गाडी अगदी रेषेत लागलेली.

"मास्तर?"

त्यानं खांद्यावर हात ठेवला. आणि काढून घेतला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एका क्षणात. तीन तास तरी झाले असावेत. "तीन वीसला बोलले माझ्याशी," उंट म्हणाला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. गाडीचा माग ठेवणारं यंत्र होतं, ते मालकानं पाहिलं. दोननंतर वेग चढाला चाळीस, उताराला चाळीस. ट्रे उतरवले. एकही अंडं फुटलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उंट वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला भेटायला गेला. तिनं पाणी दिलं. एकच विचारलं, "भावजी, यांनी तुम्हाला उठवलं होतं का हो?"

पोरांनो, तिथं तो खरं बोलला असता तर...

"नाही हो वहिनी. एक हाक मारली असती, तर मी उठलो नसतो का?"

"पंपावरून फोन आला होता मला," ती म्हणाली. "मी म्हटलं, भावजींना हलवून उठवा. तर म्हणाले, जागा आहे तो. डोळा उघडा दिसतोय आरशात."

उंटानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी म्हटलं, मग? म्हणाले, मग काय. राहू दे."

उंट तसाच उठून मालकाच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीकडे गेला. दार उघडलं. आरसा बाकड्याकडे वळलेला होता.

ड्रायव्हरकी त्यानं त्याच दिवशी सोडली. आता एकटाच राहतो. दाढीचा आरसा खिडकीच्या खिळ्याला अडकवलेला, तोंड बाहेर उजेडाकडे. म्हणतो, रात्री तो तसाच असतो, पहाटे पलंगाकडे वळतो. माझा विश्वास बसेना. एक रात्र मी त्याच्याकडे राहिलो. आरसा सुतळीनं गजाला करकचून बांधला, गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतलं, आणि पलंगापासून दूर, दाराशी अंथरूण टाकलं.

पहाटे उठून दिवा लावला. चार पन्नास.

गाठ तशीच होती. मेण तसंच होतं. आरसा वळलेला होता. माझ्याकडे नाही... त्याच्याकडे.

उंट डोळे मिटून पडला होता. जागा होता.