रिकाम्या टँकरचं वजन

वीस वर्षं डोमाजीनं कापूसच वाहिला. बोरी अरबच्या बाजारातून गाठोडी उचलायची आणि जिनिंगच्या दारात नेऊन टाकायची. कापसाची गाडी म्हणजे निजलेलं माणूस. एकदा दोर आवळला की मुक्कामापर्यंत कूस बदलत नाही. पण दोन हजार पाचच्या सुमाराला कापसाचंच काही खरं राहिलं नव्हतं. मालकानं ट्रक विकून टाकला, आणि पन्नाशीला टेकलेला डोमाजी भर मे महिन्यात झरी जामणीकडे पाण्याच्या टँकरवर आला. केस पांढरे झालेले, आणि कामाला नवखा.

नदीकाठच्या विहिरीवर जिथं टँकर भरायचे, तिथला पंप शंकरसिंग सांभाळायचा. जन्मभर टँकर चालवून डोळे अधू झाले तेव्हा तो पंपावर बसला होता. पहिले दोन दिवस तो डोमाजीच्या शेजारी बसून आला.

"कापूस बसून राह्यते, डोमाजी. पाणी बसत नाही," तो म्हणाला. "तू ब्रेक दाबला, गाडी थांबली. पण पाणी कुठं थांबलं? ते मांगून येऊन धक्का देते. एक, दोन, तीन. तिन्ही होयेपर्यंत पाय उचलाचा नाही. भरली गाडी बरी, रिकामी त्याहून बरी. आर्धी गाडी मातर वैरीण! वळणावर पाणी एका अंगाले पळते आन गाडी पलटवते. म्हणून वळणाच्या पहिलेच हळू व्हाचं."

"बरं."

"आन रिकाम्या टाकीत एकट्यानं डोकं घालाचं नाही. आत हवा राह्यत नाही."

"माह्या पहिलेचा डायव्हर काहून सोडून गेला, शंकरभाऊ?"

शंकरसिंगनं तंबाखू थुंकली. "मीबी विचारलं त्याले. म्हणे, रिकामी गाडी जड लागते."

तिसऱ्या दिवशी डोमाजी एकटा होता. सकाळची खेप एका गावच्या विहिरीत ओतली. पाइपातून शेवटचा थेंब गळेपर्यंत तो उभा राहिला, मग परत फिरला. दुपारचा एक वाजला असेल. सागाची पानं झडून गेलेली, जंगलात नुसत्या काटक्या उभ्या. वारा नाही, पाखरू नाही. रात्री झोप नीट झालेली नव्हती. डोळे चुरचुरत होते आणि स्टेअरिंगला हात लावला की चटका बसत होता.

नाल्याच्या उतारावर एक रानडुक्कर आडवं पळालं. डोमाजीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली.

आणि मागून धक्का बसला. धप्प...

त्याचा पाय ब्रेकवरच गोठला. दुसरा धक्का. तिसरा. मग चौथा, आधीच्यापेक्षा जोराचा. सगळी गाडी पुढं सरकल्यासारखी झाली.

त्यानं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरला. मागं जाऊन व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. थेंब नाही. पाइप कोरडा ठणठणीत. त्यानं टाकीला हात लावला नि झटक्यात काढून घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. मग नुसती बोटं टेकवत हात खाली नेला. कमरेच्या जरा खाली पत्रा एकदम गार लागला. इतका गार, की त्यावर दव धरलं होतं.

शिडीच्या पहिल्या पायरीवर त्यानं पाय ठेवला. वर झाकण होतं. आतून काहीतरी सावकाश घासत पुढं गेलं, आणि तो शिडीवर होता त्या बाजूला येऊन थांबलं.

डोमाजी उतरला. झाकण उघडलं नाही. उरलेले बारा किलोमीटर त्यानं अर्धी भरलेली गाडी चालवतात तशी चालवली... वळणाआधी हळू, ब्रेक लांबून.

पंपावर पोचला तेव्हा त्याची बनियन पिळून काढावी इतकी भिजली होती.

"रिकामी घेऊन इतक्या हळू आला?" शंकरसिंगनं विचारलं.

डोमाजीनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं वर पाइप सोडून पंप सुरू केला आणि कान लावून उभा राहिला. टाकी भरायला चाळीस मिनिटं लागायची, रिकामी व्हायलाही तेवढीच. अठ्ठाविसाव्या मिनिटाला झाकणातून पाणी उतू गेलं.

शंकरसिंगनं पंप बंद केला.

"मी नाही नेत, शंकरभाऊ."

"दुसरी गाडी हाय का? कोलामाच्या वस्तीत, त्या पोडावर, चार दिवस झाले पाणी नाही. लेकरं डबक्यातलं पिऊन राह्यले." त्याचा आवाजच थकलेला होता. "मी कोणाले फोन करू? काय सांगू?"

डोमाजीनं चावी लावली.

कोलामांच्या त्या पोडावर बायका विहिरीभोवती उन्हातच बसून होत्या. कोणी धावलं नाही, कोणी भांडलं नाही. तेवढा जीवच कोणात नव्हता. व्हॉल्व्ह उघडला तसं पाणी विहिरीत कोसळलं. डोमाजी मोजत राहिला. अठ्ठावीस मिनिटं झाली, धार चालूच. तीस. पस्तीस. चाळिसाव्या मिनिटाला पाइप गुळगुळला आणि थांबला. त्यानं टाकीला हात लावला. खालपासून वरपर्यंत सारखीच तापली होती.

त्याला बरं वाटलं. खरं सांगायचं तर क्षणभर फार बरं वाटलं.

पोडातली सगळ्यात वडीलधारी धुरपताबाई. पहिली बादली तिनं सोडली. दोर सुटत गेला, मग मध्येच सैल पडला. तिनं झटका दिला. ठक्क असा आवाज आला.

"बुडून नाही राह्यली वो भाऊ," ती म्हणाली. दोन पावलं सरकून तिनं पुन्हा सोडली. ह्या वेळी बादली बुडाली आणि भरून वर आली. तिनं तांब्या बुडवला नि सगळ्यात आधी त्याच्याच पुढं धरला. "घ्या. किती थकले दिसता तुम्ही. पहिले तुम्ही प्या."

बायका बघत होत्या. तो प्याल्याशिवाय त्या पिणार नव्हत्या. "बाई..." तो म्हणाला, पण तहानेनं जीभ टाळूला चिकटली होती.

तो प्याला. दोन तास तापल्या लोखंडात राहिलेलं पाणी, आणि दात ठणकले इतकं गार.

तांब्या खाली आला तेव्हा विहिरीत चार दोर सुटलेले होते. पलीकडच्या काठावरची पोरसवदा सून वाकून म्हणाली, "माय वो, माह्या दोराले कोण ओढून राह्यलं?"